हॉल ११ बाय १६, सातवा मजला, सबवूफर कुठला घेऊ?

घोडबंदरकर:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आता खिशाला हात घालायची वेळ आली म्हणून विचारतोय. ठाण्याला घोडबंदर रोडला २ बीएचके आहे, हॉल ११ बाय १६ फूट, सिलिंग साडेनऊ फूट, आणि एका बाजूला डायनिंग उघडंच, मधे दार-भिंत काही नाही. डेननचा ५.१ वाला एव्हीआर (टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरला वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आहे, पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, एक सेंटर, मागे दोन छोटे सराउंड. सध्या सबशिवायच, म्हणजे खालचा दणदणीत आवाज काढणाऱ्या सबवूफरशिवायच चाललंय. बघणं बहुतेक पिक्चरचंच, पण जुनी गाणी पण ऐकतो. डायलॉग एकदम स्वच्छ येतात पण कुठे स्फोट झाला, ढग गडगडले की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, मजाच जाते.

बजेट ४० हजार, फार तर ५०-५५ पर्यंत ताणीन. दुकानात गेलो तर तो माणूस एकच धोशा लावून बसला, साहेब १२ इंची घ्या, वॅट बघा वॅट, ४०० वॅट आहे. नेटवर वाचलं तर निम्मे म्हणतात पोर्टेड घ्या, निम्मे म्हणतात सील्ड, डोक्याचा पार भुगा झालाय.

अजून दोन गोष्टी. जुन्या डीव्हीडीवाल्या होम थिएटरचा सब माळ्यावर पडलाय, तो या एव्हीआरला चालेल का? आणि खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, माणसं एकदम चांगली आहेत, त्यांना त्रास नको. आमचे पिक्चर रात्री साडेनऊनंतरच सुरू होतात, पोरं झोपल्यावर. घरच्यांची अट अशी की शू-रॅकपेक्षा मोठा डबा हॉलमधे दिसता कामा नये.

बास_दे_भाऊ:

सरळ १५ इंची घ्या, घरी नाही चालला तर सोसायटीच्या गणपतीला कामी येईल :)

खर्जातला:

वरच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा.

आधी माळ्यावरच्या सबचं. तो बहुतेक पॅसिव्ह असणार, म्हणजे आत नुसता स्पीकर, ॲम्प्लिफायर त्या जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या डब्यात असायचा. तुमच्या डेननच्या मागे जे सब प्री-आउट नावाचं भोक आहे त्यातून फक्त लाइन लेव्हल, म्हणजे ॲम्पने न वाढवलेला कमजोर सिग्नल येतो, त्याच्यावर पॅसिव्ह सब हलणार पण नाही. वेगळा ॲम्प लावून चालवता येतो पण त्या पुठ्ठ्याच्या ६ इंची कोनसाठी (स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा) एवढा खटाटोप करू नका, भंगारवाल्याला द्या.

आता वॅट. टू-इन-वनच्या जमान्यात डब्यावर पीएमपीओ छापायचे आठवतंय का, चार हजार वॅट वगैरे? तेच आता पीक वॅट या नावाने चालतं. ४०० लिहिलंय म्हणजे आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे खरे वॅट, २०० असणार, उदाहरणार्थ क्लिप्श कंपनीचा आर-१२०एसडब्ल्यू घ्या, २०० आरएमएस ४०० पीक, तसं ते लिहितात पण, लपवत नाहीत, दुकानदार फक्त मोठा आकडा वाचून दाखवतो. आणि वॅट डबल झाले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल, त्यामुळे १५० आणि २०० मधला फरक तुम्हाला ऐकू पण यायचा नाही. बघायचं ते खाली किती हर्ट्झपर्यंत जातो, आणि प्लस-मायनस ३ डेसिबलमधे, म्हणजे आवाज फार कमी-जास्त न होता जातो की असंच ठोकून दिलंय ते.

सील्ड की पोर्टेड. पोर्टेडच्या डब्याला भोक असतं, कोनच्या मागची हवा त्या नळीतून घुमून बाहेर येते, त्यामुळे त्याच पैशात, तेवढ्याच वॅटमधे ज्या हर्ट्झला तो ट्यून केलाय तिथपर्यंत दणदणीत आवाज मिळतो. पण त्याच्या खाली गेलं की एकदम कडा, दर ऑक्टेव्हला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की २४ डेसिबलने पडतो. सील्ड बंद डबा असतो, तो आधीपासूनच हळूहळू उतरतो पण १२ डेसिबलच्या उताराने, आणि बंद खोलीत खालच्या फ्रिक्वेन्सीला खोलीच थोडा आधार देते त्यामुळे प्रत्यक्षात कागदावरच्यापेक्षा बरा ऐकू येतो. शिवाय डबा लहान. स्वस्त पोर्टेडमधे अजून एक भानगड म्हणजे मोठ्या आवाजाला नळीतून फुसफुस ऐकू येते.

तुमची शू-रॅकची अट बघता निम्मा निकाल लागलाच आहे. चांगला १२ इंची पोर्टेड म्हणजे छोटं कपाटच. एसव्हीएस कंपनीचा एसबी-१००० प्रो सील्ड आहे, १२ इंची कोन आणि डबा साधारण १३ इंचाचा चौकोनी ठोकळा, आणि त्यांचाच पीबी-१००० प्रो पोर्टेड, कोन तेवढाच, वॅट तेवढेच, पण डबा बघितलात तर घरचे तुम्हाला सबसकट बाहेर काढतील. दोन्ही तुमच्या बजेटच्या वर जातील ही अडचण आहेच, पण वापरलेले मिळतात, सबमधे बिघडण्यासारखं फार काही नसतं, ॲम्पची प्लेट चालू आहे ना आणि कोनच्या कडेचं रबर फाटलं नाहीये ना एवढं बघून घ्या.

आता मुद्द्याचं बोलतो. तुम्ही सब कुठला घेता यापेक्षा कुठे ठेवता त्याने जास्त फरक पडतो. हे गणित करून बघा, ५६५ ला खोलीच्या लांबीने भागा, लांबी फुटात. ५६५ भागिले १६ म्हणजे ३५ हर्ट्झ. ५६५ भागिले ११ म्हणजे ५१. साडेनऊच्या सिलिंगचे ५९. या तीन सुरांना तुमचा हॉल स्वतःच घुमणार. यातला कुठलाही सूर आला की भिंतीजवळ बसलेल्याला तो फुगून ऐकू येणार आणि बरोबर मधे बसलेल्याला जवळपास गायब. याला सब जबाबदार नाही, लाखाचा आणला तरी तेच. लोक आधी सोफ्याच्या जागेवरून बूम बूम ऐकतात, मग सब विकून दुसरा आणतात, तो पण तसाच बूम बूम करतो.

आपल्याकडे हे अजून जास्त होतं. अमेरिकन रिव्ह्यू वाचताना लक्षात ठेवा की त्यांच्या घरातल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड मारलेल्या असतात, बास त्यातून बराचसा निघून जातो. आपल्या विटा-काँक्रीटच्या खोलीत तो कोंडला जातो. त्यामुळे तिकडे ज्याला लहान म्हणतात तो इथे पुरतो. हां, तुमचं डायनिंग उघडं आहे त्यामुळे थोडी हवा तिकडे जाईल, म्हणून ८ इंचीवर जाऊ नका. १० इंची सील्ड चांगल्या कंपनीचा किंवा १२ इंची वापरलेला, इथे थांबा.

नाशिकचा_सेक्रेटरी:

खालच्या आजी-आजोबांचा विचार आधीच केलात हे वाचून बरं वाटलं, कारण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि माझ्याकडे या प्रकारच्या तक्रारी येतात. गंमत म्हणजे तक्रार करणारा कधीच आवाज मोठा आहे असं म्हणत नाही. तो म्हणतो भांडी वाजतात, छातीत धडधडतं, पलंग हलतो. मी वर जाऊन बघतो तर वरचा माणूस म्हणतो बघा की हो किती हळू लावलंय, आणि खरंच हळू असतं. दोघंही खरं बोलत असतात.

कसंय, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मधे ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण ते डेसिबल ए-वेटेड. त्या मोजमापात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरतात आणि ३१ हर्ट्झचा तर ३९ डेसिबल कमी. म्हणजे मोबाइलवरच्या मीटरने मोजायला गेलात तर आकडा साळसूद दिसणार आणि खाली मात्र शोकेसची काच खुळखुळत असणार. म्हणून आकड्यावर जाऊ नका, एकदा खाली जाऊन चहा घ्या, वर घरच्यांना नेहमीच्या आवाजात पिक्चर लावायला सांगा आणि कानाने ऐका. आमच्याकडे दोन कुटुंबांचं भांडण असंच मिटलं.

आणि सबखाली फोमचं पॅड घातलं की खाली आवाज जात नाही हे जे लोक सांगतात त्यातलं अर्धंच खरं. डब्याची थरथर फरशीत उतरते ती पॅडने अडते, त्यामुळे खुळखुळाट कमी होतो. पण हवेतला बास स्लॅबला वरून धक्के मारतच असतो, त्याला पॅड काय करणार. पडदे आणि गालिच्याने पण बासला ढिम्म काही होत नाही. आमच्या एका मेंबरने कडप्प्याचा तुकडा कापून आणला, त्याच्या खाली जाड रबर आणि वर सब, त्याने डबा जागचा हलायचा थांबला आणि त्याच्या स्वतःच्या घरातला आवाज सुधारला, खालच्यांना फारसा फरक नाही.

खर्जातला:

सेक्रेटरीसाहेब बरोबर आहेत. रात्रीसाठी खरा उपाय म्हणजे सब सोफ्याच्या अगदी जवळ ठेवायचा, सोफ्याच्या बाजूला साइड टेबलासारखा किंवा मागे जागा असेल तर मागे. जवळ असल्यामुळे तुमच्या कानाला हवा तेवढा बास कमी गेनवर (सबच्या मागचं आवाजाचं बटण) मिळतो आणि घरभर, म्हणजे पर्यायाने खाली, कमी जातो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही त्यामुळे स्फोट टीव्हीत होतोय आणि आवाज कमरेजवळून येतोय असं वाटणार नाही, फक्त एव्हीआरमधे पुढच्या स्पीकरचा आणि सेंटरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे वळतो तो आकडा, ८० च्या वर नेऊ नका. सब बाजूला असताना १२० ठेवलात तर हिरोचा भारदस्त आवाज सोफ्यातून यायला लागेल.

एडिसनचा_अण्णा:

माझा मुद्दा थोडा वेगळा. इकडे न्यू जर्सीत असल्यामुळे दर डिसेंबरला कोणी ना कोणी फोन करतो, अण्णा तिकडे सेल आहे ना, एक सब घेऊन ये. मंडळी, इकडचे बरेचसे सब फक्त १२० व्होल्टचे असतात. तिकडे २३० च्या सॉकेटला लावला की पहिल्या मिनिटात फ्यूज, दुसऱ्या मिनिटात ॲम्प. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो चांगल्या ताकदीचा घ्यायचा तर वजनदार आणि महाग, शिवाय काही ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतात. वॉरंटी तिकडे चालत नाही. आणि २३ किलोच्या बॅगेत सब बसवला तर माझ्या आईची औषधं आणि पोरांचे कपडे कुठे ठेवू? मागच्या प्लेटवर ११५/२३० चा स्विच किंवा १०० ते २४० असं स्पष्ट लिहिलेलं मॉडेल असेल तरच विचार करा. नाहीतर भारतातच घ्या.

डग्गा_आणि_तबला:

सगळे स्फोटावरच घसरलेत. त्यांनी लिहिलंय की जुनी गाणी पण ऐकतात, त्याचं काय?

मी कट्टर गाणी ऐकणारा माणूस, मला विचाराल तर घरोघरी जे सब लागलेत त्यातल्या बहुतेकांनी गाण्याची वाट लावलीये. डग्ग्यावर मनगट दाबून जी मींड काढतात, तो सूर खालून वर सरकत जातो, ते ऐकायला मिळालं पाहिजे. खोली एकाच सुराला घुमत असेल तर ती मींड ऐकूच येत नाही, सरकता सूर घुमणाऱ्या जागी आला की एकदम मोठा, पुढे गेला की गायब, म्हणजे नुसता धब्ब. ढोल आणि डग्गा एकच वाटतो. म्हणून दुकानात डेमोला जाताना तुमची तुम्ही गाणी घेऊन जा, तबलजीने जरा रेंगाळत वाजवलेला ठेका असलेलं एखादं भावगीत किंवा ठुमरी लावायला सांगा. ते लोक हेलिकॉप्टर उडवून दाखवतात, त्यात कुठलाही सब चांगलाच वाटतो.

आणि १९६० च्या आसपासच्या रेकॉर्डिंगमधे अगदी तळाचा बास मुळात फारसा नाहीच, तिथे सब फक्त घरघर वाढवतो. डेननवर डायरेक्ट मोड किंवा प्युअर डायरेक्ट असेल तर तो लावून एकदा नुसत्या बुकशेल्फवर ऐका, फरक कळेल.

माझं मत, सील्डच. आरईएल ही सबची कंपनी, ते लोक स्पीकरच्या टर्मिनलवरून हाय-लेव्हल वायर जोडायचं सांगतात, गाण्यासाठी ते छान लागतं पण तुमच्या बजेटमधे बसायचं नाही आणि पिक्चर ८० टक्के असतील तर गरज पण नाही.

खर्जातला:

डग्गासाहेब, डेमोला गाणी न्यायचं एकदम मान्य. पण घरघर वाढते ती बहुतेक वेळा सबमुळे नाही, लोकांनी गेन चढवून ठेवलेला असतो म्हणून. दुकानातून आणला की पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण सब ऐकू यावा म्हणून वाढवतो, पैसे दिलेत ना. नीट लावलेला सब चालू आहे हे तो बंद केल्यावरच कळलं पाहिजे.

घोडबंदरकर:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं डिटेल कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. अण्णा, तुमचं वाचून तिकडच्या मेव्हण्याला मेसेज टाकला की सब आणायचं राहू दे.

शनिवारी डेमो ऐकून आलो. डग्गासाहेबांचं ऐकून पेन ड्राइव्हवर गाणी नेली होती, दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या पण लावली. १२ इंची पोर्टेडवर तबला खरंच ढोलासारखा वाटला, पण तो कोपऱ्यात होता, म्हणून मी म्हटलं जरा दोन फूट पुढे घ्या, तर बराच सुधारला, मलाच आश्चर्य वाटलं. शेवटी एक वापरलेला १० इंची सील्ड बघून ठेवलाय, बजेटच्या आत बसतो, मालक मुलुंडलाच राहतो, उद्या आणतोय.

एक अडचण, आमचा सोफा मागच्या भिंतीला अगदी चिकटून आहे, पुढे ओढला तर जायला वाट राहत नाही. सोफ्याच्या उजव्या हाताला दीड फूट जागा आहे, आणि दुसरी जागा टीव्ही युनिटच्या डावीकडे. कुठे ठेवू?

खर्जातला:

सोफा भिंतीला चिकटलेला म्हणजे तो ३५ हर्ट्झवाला फुगारा तुमच्या डोक्याशीच येणार. अगदी ६ इंच पुढे ओढता आला तरी ओढा, फार फरक नाही पडणार पण पाठीमागच्या भिंतीवर डोकं टेकलेलं तरी राहणार नाही.

जागा ठरवायचा जुना आणि फुकटचा उपाय सांगतो. सब उचलून सोफ्यावर ठेवा, बरोबर जिथे तुम्ही बसता तिथे. २० ते १२० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, यूट्यूबवर मिळतो तो लावा, आवाज बेताचा ठेवा. मग तुम्ही त्या दोन्ही जागांवर जाऊन गुडघ्यावर बसा, कान जमिनीपासून फूटभर वर, आणि ऐका. ज्या जागी स्वीप सगळ्यात सरळ, कुठे फुगत नाही कुठे बुडत नाही असा ऐकू येतो तिथे सब ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. दोन्ही सारख्या वाटल्या तर सोफ्याजवळची घ्या, खालच्यांसाठी.

जोडणी साधीच. एव्हीआरच्या सब प्री-आउटमधून एक आरसीए केबल, सबच्या एलएफई (पिक्चरमधला खास बासचा ट्रॅक) लिहिलेल्या इनपुटला. एलएफई नसेल तर डाव्या इनपुटला लावा आणि सबच्या अंगावरचं लो-पासचं (वरचे सूर कापणारं) बटण शेवटपर्यंत उजवीकडे फिरवून ठेवा, कारण ते काम एव्हीआर करणार आहे, दोघांनी केलं तर मधला आवाज खाल्ला जातो. गेन अर्ध्यावर, फेज शून्य. एव्हीआरमधे सगळे स्पीकर स्मॉल, म्हणजे त्यांचा बास सबकडे जातो, क्रॉसओव्हर पुढचे आणि सेंटर ८०, छोटे सराउंड १०० किंवा १२०, आणि सबवूफर मोडला एलएफई, एलएफई प्लस मेन नाही. मग ऑडिसीचा (एव्हीआरमधली आवाज मोजून आपोआप जुळवणारी सोय) माइक घेऊन सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून कॅलिब्रेशन, पंखा आणि एसी बंद करून, आणि माइक हातात धरायचा नाही, ट्रायपॉड नसेल तर डब्यांची उतरंड करा.

नाशिकचा_सेक्रेटरी:

लावल्यावर नुसता ५० हर्ट्झचा हुंकार ऐकू आला तर घाबरू नका, सबला दोष पण देऊ नका. आधी केबलवाल्याची जाडी वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. बऱ्याच घरात अर्थिंगचा लूप तिथूनच येतो. एव्हीआर आणि सब एकाच बोर्डावर लावा. सबच्या प्लगची तिसरी पिन कोणी काढायला सांगितली तर अजिबात काढायची नाही, शॉक लागेल.

घोडबंदरकर:

आणला, लावला, सगळी बिल्डिंग शाबूत आहे :)

स्वीपवाला प्रयोग केला. टीव्हीच्या डावीकडे ५० च्या आसपास सगळं गायब होत होतं, सोफ्याशेजारी बरंच सपाट. पोरगी व्हिडिओ काढत होती. सब सोफ्याशेजारीच ठेवलाय, घरचे वर फुलदाणी ठेवायला बघत होते त्याला मात्र नाही म्हटलं. रात्री एकदा खाली जाऊन बसलो, काकू म्हणाल्या काहीच ऐकू येत नाही, काका म्हणाले मिक्सर चालू आहे का वर? म्हणून गेन अजून थोडा खाली आणला. सरकत्या खिडकीची एक काच मात्र खडखडते.

ऑडिसी केल्यावर दोन गोष्टी विचित्र दिसतात. सबची लेव्हल मायनस १२ आलीये. आणि सब माझ्या बसायच्या जागेपासून जेमतेम ३ फुटांवर आहे, पण अंतर ८ फूट दाखवतोय. टेपने मोजून ३ करू का?

खर्जातला:

अंतराला हात लावू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधे सिग्नलला थोडा उशीर होतो, ऑडिसी तो उशीर मोजून फुटात लिहितो, त्यामुळे आकडा खऱ्या अंतरापेक्षा जास्तच येतो. तुम्ही ३ केलंत तर सब आणि पुढचे स्पीकर एकमेकांच्या मागेपुढे वाजतील आणि ८० च्या आसपासचा बास पातळ होईल.

मायनस १२ मात्र दुरुस्त करायला लागेल. ती एव्हीआरची शेवटची पायरी आहे, म्हणजे त्याला कदाचित अजून खाली जायचं होतं पण जाता आलं नाही. सब जवळ आहे त्यामुळे असं होणारच. सबच्या मागचा गेन अजून खाली आणा आणि पूर्ण कॅलिब्रेशन परत करा, मायनस ३ ते मायनस ८ मधे कुठेतरी आलं की झालं. सबचं पॉवर ऑटोवर असेल तर ऑनवर टाका, रात्री कमी आवाजात ऑटोवाले सब मधेच झोपतात आणि नेमका क्लायमॅक्सला उठतात.

खिडकीच्या रुळात काचेच्या कडेला वेदरस्ट्रिपची लोकरीची पट्टी मिळते, कुठल्याही ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात मीटरवर देतात, ती भरून घ्या.

बास_दे_भाऊ:

आणि फुलदाणी?

डग्गा_आणि_तबला:

नको. पाणी सांडलं तर ॲम्पची प्लेट जाईल, आणि नुसती कोरडी ठेवली तर वाजत राहील.